पंपिंग चांगलं आहे, मग हार्ट फेल कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वडील ७४ वर्षांचे, सहकारनगरला राहतात. १८ वर्षांपासून बीपी, साखर थोडी वर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी पर्वती चढायचे, आता स्वतःच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर थांबून श्वास घ्यावा लागतो. पायांवर सूज. चार महिन्यांत दोनदा छातीत पाणी झालं म्हणून ॲडमिट. दोन्ही वेळा टूडी एको झाला, ईएफ (म्हणजे पंपिंगचा आकडा) ५८ टक्के, हृदयाच्या भिंती जाड. एक डॉक्टर म्हणाले, "पंपिंग उत्तम आहे, हृदयाची काळजी नको." दुसऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलंय. यातलं खरं काय, आणि अँजिओग्राफी करून टाकावी का, हे तुमचे दोन प्रश्न. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की बीपीची गोळी गेल्या वर्षी चक्कर येते म्हणून बंद करावी लागली, आणि सात वर्षांपूर्वी हातांच्या मुंग्यांसाठी दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय, "पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा."

माझं लक्ष त्या शेवटच्या ओळींवरच अडकलं. तिकडे येतोच. पण त्याआधी एक सांगतो: मी पुण्यात बरीच वर्षं हृदयरोगाचं काम करतोय, तरी तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यांचा ईसीजी पाहिलेला नाही, किडनीचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. त्यामुळे इथून निदान करणार नाही. असा पेशंट समोर बसला की माझं डोकं कसं चालतं, एवढंच सांगतो. त्यातलं काय लागू पडतं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पुण्यात पेशंट खुर्चीत बसायच्या आत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" जणू दहावीचे मार्क. साठ म्हटलं की सगळे निवांत, तीस म्हटलं की रडारड. दोष त्यांचा नाही, आम्हीच हा आकडा एवढा मोठा करून ठेवलाय. ईएफ म्हणजे डावा कप्पा भरला की त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं ते. कप्प्यात १०० मिली भरलं आणि ६० बाहेर गेलं, तर ६० टक्के. आता समजा भिंती जाड झाल्या, कडक झाल्या, आणि कप्प्यात ६० मिलीच भरतंय. त्यातलं ६० टक्के म्हणजे ३६ मिली. टक्केवारी तीच, पण प्रत्येक ठोक्याला शरीराला २४ मिली रक्त कमी मिळालं. रिपोर्टवर मात्र दोघांनाही 'नॉर्मल'.

पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच कळेल. भात्याचं चामडं वाळून कडक झालं की तो दाबताना त्रास होत नाही, उघडताना होतो. हवाच आत येत नाही, मग सूर कुठून निघणार? हृदयाचंही तसंच. आकुंचन पावणं हे अर्धं काम, सैल होऊन भरून घेणं हे उरलेलं अर्धं. ते दुसरं अर्धं बिघडलं की मागे रक्त तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की धाप, पायात तुंबलं की सूज. ईएफ ५० किंवा त्याहून जास्त असूनही हे होतं, तेव्हा त्याला 'एचएफपेफ' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटांचं ईएफ असंच चांगलं असतं. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी खरं बोलतायत. एक आकुंचनाबद्दल बोलतायत, दुसरे एकूण परिणामाबद्दल.

पण डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट फेल्युअर' आलं म्हणजे निदान झालं, असं समजू नका. 'ताप' हे जसं निदान नाही तसंच हे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे शोधावं लागतं. ईएफ चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये हा शोध बऱ्याचदा अर्ध्यावर सोडला जातो. पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, चार किलो वजन उतरलं, पेशंट बरा वाटून घरी गेला, आणि दोन महिन्यांनी परत दारात.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण साधंच असतं: वर्षानुवर्षांचं बीपी, डायबिटिस, पोटाचा घेर, वय, आणि यांच्या जोडीला कधी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित ठोके. झोपेत घोरून श्वास अडकणं हेही यात येतं, आणि ते कोणी विचारत नाही. रात्री बाबा किती घोरतात, हे पेशंट सांगत नाही, त्याची बायको सांगते. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१८ साली ९ गुणांचा एक सोपा हिशेब दिला. एट्रियल फिब्रिलेशनला ३, लठ्ठपणाला २, आणि बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या, साठीच्या पुढचं वय, फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब आणि एकोतला भरण्याच्या दाबाचा एक आकडा, यांना प्रत्येकी १. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली की एचएफपेफची शक्यता बरीच, ० किंवा १ आली तर दम लागण्याचं कारण दुसरीकडे शोधा. ओपीडीत मला हा हिशेब उपयोगी पडतो, पण त्याची मर्यादाही लक्षात ठेवतो: हृदय कडक आहे एवढं तो सांगतो, कशामुळे कडक झालं ते सांगत नाही.

एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी तुमच्याकडे झाली असेल. हृदयावर ताण आला की हा आकडा वाढतो. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो, किडनी बिघडली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर फसवा जास्त. त्यामुळे आकडा नॉर्मल आला म्हणून सुटलो असं मी कधी मानत नाही.

आता तुमच्या त्या ओळींकडे येऊ.

दोन्ही मनगटांत कार्पल टनेल (म्हणजे तिथल्या बोगद्यात नस दबणं, ज्याचं ऑपरेशन वडिलांचं झालं), मग काही वर्षांनी जाड भिंतींचं हृदय, आणि आयुष्यभर वर असलेलं बीपी हळूहळू आपोआप खाली. हे तीन धागे एकत्र आले की माझ्या डोक्यात अमायलॉइडची घंटा वाजते. आपल्या यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचं एक प्रथिन तयार होतं. काही जणांत, विशेषतः वयस्कर पुरुषांत, ते विस्कटतं आणि त्याचे चिवट तंतू निरनिराळ्या ठिकाणी साचत जातात. मनगटातल्या अरुंद बोगद्यात साचले की हातांना मुंग्या येतात, कमरेच्या मणक्यात साचले की चालताना पाय जड होतात, आणि हृदयाच्या भिंतीत साचले की भिंत जाड आणि कडक होते. मनगटाचा त्रास हृदयाच्या पाच-दहा वर्षं आधी येऊ शकतो. म्हणूनच तो ऑर्थोपेडिकच्या फायलीत राहतो आणि हृदयाच्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही. दंडातला स्नायू अचानक तुटून फुगवटा वर सरकलाय का, हेही मी विचारतो. पोपायच्या दंडासारखा दिसतो, आणि पेशंटला त्याचं काहीच वाटलेलं नसतं.

बीपीचं काय? अमायलॉइडमध्ये प्रत्येक ठोक्याला रक्त कमी बाहेर पडतं, शिवाय रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही बिघडू शकतात. मग वर्षानुवर्षं पचलेली गोळी अचानक जड पडते, उठलं की चक्कर. घरचे पेढे वाटतात, "बाबांचं बीपी बरं झालं!" सत्तरीत बीपी आपोआप बरं झालं की मला आनंद होत नाही, शंका येते.

लगेच घाबरू मात्र नका. डायबिटिसमध्ये, थायरॉइडमध्ये, नुसत्या वयानंही कार्पल टनेल होतं. बीपीनंही भिंती जाड होतात. वजन उतरल्यानं किंवा पाण्याच्या गोळ्यांनीही बीपी खाली येतं. तिन्हींची वेगवेगळी साधी कारणं असूच शकतात. पण पाहायचं राहून गेलं असं होऊ नये.

पहिली गोष्ट फुकटातली आहे. ईसीजी आणि एको शेजारी ठेवून पाहायचे. एकोत भिंत जाड दिसते, म्हणजे स्नायू जास्त, म्हणजे ईसीजीवरच्या रेषा उंच यायला हव्यात. बीपीनं जाड झालेल्या हृदयात तसंच होतं. पण भिंतीत स्नायूऐवजी तंतू साचले असतील तर त्यातून वीज निर्माण होत नाही. भिंत जाड आणि रेषा बुटक्या, असा उलटा प्रकार दिसतो. सगळ्यांत दिसत नाही, म्हणून रेषा नॉर्मल उंचीच्या आल्या तरी विषय संपत नाही. पण बुटक्या दिसल्या तर पुढे जायलाच हवं. चांगल्या एको मशिनवर 'स्ट्रेन', म्हणजे भिंतीचा कुठला भाग किती आखडतो ते, काढता येतो. त्यात हृदयाचं टोक बऱ्यापैकी हलतं आणि बुडाकडचा भाग सुस्त, असं ठरावीक चित्र मिळतं.

पुढच्या तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा, आणि इथे चूक झाली तर महागात पडते. आधी रक्त आणि लघवी: फ्री लाइट चेन आणि इम्युनोफिक्सेशन. कारण अमायलॉइडचा दुसरा एक प्रकार बोनमॅरोतल्या पेशींच्या बिघाडातून येतो. त्याला एएल म्हणतात. त्याचा उपचार रक्तविकारतज्ज्ञांकडे, केमोथेरपीनं, आणि तो दिवसांच्या हिशेबात सुरू करावा लागतो. हा प्रकार नाही हे नक्की झालं की मग टेक्नेशियम पायरोफॉस्फेट स्कॅन. हाडांच्या स्कॅनचंच हे औषध, ते ट्रान्सथायरेटिनच्या तंतूंनाही चिकटतं आणि हृदय चकाकतं. लाइट चेन स्वच्छ आणि स्कॅन ठळक पॉझिटिव्ह, तर बहुतेकदा हृदयाचा तुकडा काढून तपासायची गरज पडत नाही. पण नुसता स्कॅन पाहून, लाइट चेन न करता, 'ट्रान्सथायरेटिन आहे' म्हणणं धोक्याचं. एएलमध्येही हृदय थोडंफार चकाकू शकतं. निदान पक्कं झालं की जीनची तपासणी, कारण आनुवंशिक प्रकार असेल तर तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही प्रश्न येतो.

"एवढं करून फायदा काय, औषध आहे का?" आहे. टाफामिडिस नावाचं औषध विस्कटणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४४१ पेशंट होते. अडीच वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के. साचलेलं ते काढत नाही, पुढचं साचणं मंदावतं. म्हणून लवकर सापडण्याला किंमत आहे. औषध खिशाला जड आहे, हे मी पेशंटला पहिल्याच भेटीत सांगतो, आणि कोणी ते नको म्हटलं तर त्यात मला काही गैर वाटत नाही. पण औषध परवडो न परवडो, निदान उपयोगी पडतंच, कारण त्यावरून काय द्यायचं नाही ते कळतं. व्हेरापामिल, डिल्टियाझेम टाळायच्या, डिगॉक्सिन फार जपून. ठोके मंद करणारे बीटा ब्लॉकरही जपूनच. हृदयाची पिशवीच लहान असल्यामुळे शरीराला पुरेसं रक्त द्यायचा एकच मार्ग उरतो, जलद ठोके. ते गोळी देऊन ५५ वर आणले की पेशंट गळून जातो, आणि आपण म्हणतो हार्ट फेल्युअर वाढलं. ठोके अनियमित झाले तर रक्त पातळ करायचं औषध जवळपास सगळ्यांनाच लागतं. (तुमच्या वडिलांना सध्या बीटा ब्लॉकर चालू असेल तर हे वाचून परस्पर बंद करू नका. एकदम बंद केल्यानं वेगळाच गोंधळ होतो.)

हे झालं तुमच्या वडिलांपुरतं. पण ईएफ चांगलं आणि अंगात पाणी, याची आणखी काही कारणं मी मुद्दाम सांगतो, कारण त्यातलं एक मी स्वतः चुकवलेलं आहे.

सासवडकडचा एक शेतकरी, वय पस्तिशीच्या आसपास. पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं, पाय मात्र त्या मानानं कमी सुजलेले. एका दवाखान्यात तीनदा पोटातलं पाणी काढलं होतं. लिव्हर खराब, दारू सोडा, असं त्याला सगळीकडे ऐकवलेलं. गळ्यात तुळशीची माळ. बिचारा सांगून दमला होता की मी माळकरी आहे, आयुष्यात थेंब घेतला नाही. घरचेसुद्धा संशयानं बघायला लागले होते. माझ्याकडे फक्त एकोसाठी पाठवला. मी एको केला, ईएफ ६० टक्के, आणि लिहून मोकळा झालो: हृदय नॉर्मल. मानेच्या शिरा पाहिल्या होत्या मी. झोपवून पाहिल्या, काही दिसलं नाही. महिन्याभरानं तो परत आला तेव्हा बाहेर बाकावर ताठ बसला होता, आणि कानाच्या पाळीपर्यंत शिरा भरलेल्या, टेबलाजवळूनच दिसल्या. दाब इतका जास्त होता की झोपवल्यावर शिरेची वरची कड कवटीच्या आतच जात होती, मग दिसणार काय? तेव्हापासून मी प्रत्येकाला बसवून मान पाहतो.

त्याच्या हृदयाभोवतीचं आवरण जाड होऊन दगडासारखं झालं होतं. कडेनं काढलेल्या एक्सरेमध्ये चुन्याची पांढरी रेघ दिसत होती. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. आपल्या देशात याचं सगळ्यात मोठं कारण टीबी. हृदयाचा स्नायू ठणठणीत, पण भोवतीच्या आवरणानं आवळलेला, त्यामुळे भरायला जागाच नाही. याच्यावर गोळी नाही, ते आवरण सोलून काढायचं ऑपरेशन करावं लागतं. त्याचं झालं, आणि दुसऱ्या वर्षी आषाढीला तो दिंडीबरोबर दिवे घाट चढला. मोठं ऑपरेशन आहे, सगळ्यांचं इतकं चांगलं होत नाही, हेही सांगायला हवं. पण सूज पायांपेक्षा पोटात जास्त, लिव्हरचे रिपोर्ट थोडेच बिघडलेले, कधीकाळी टीबी झालेला, असा कोणी तुमच्या पाहण्यात असेल तर पोटाच्या डॉक्टरांना एकच विचारा: "मानेच्या शिरा बसवून पाहिल्यात का?"

बाकीची थोडक्यात. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या वेल्ह्या-भोरकडच्या आज्या येतात. त्यांनी कधी विडी ओढलेली नसते, तरी फुप्फुसं बीडी ओढणाऱ्यासारखी, आणि त्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेली. ईएफ डाव्या बाजूचं मोजतात, ते छानच येतं. लहानपणीच्या सांधेतापानं आकसलेली मायट्रल झडप हेही अजून संपलेलं नाही. तिथेही ईएफ नॉर्मल, धाप भरपूर. काही जणांचं हृदय कमी नाही तर जास्तच काम करत असतं आणि त्यानं थकतं: हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेलं, थायरॉइड फार वाढलेलं, डायलिसिससाठी हातात मोठा फिस्टुला (धमनी आणि शिरेचा जोड) केलेला, किंवा बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता, ही दारू पिणाऱ्यांत जास्त दिसते. यांचे हात गरम असतात, नाडी उड्या मारत असते. कारण दुरुस्त केलं की हृदय सुधारतं. जन्मजात जाड स्नायूचा एक आजार आहे, ज्यात रक्त बाहेर पडायची वाटच अडते. तिथे पाण्याच्या गोळ्या सढळ दिल्या तर पेशंट चक्कर येऊन पडतो.

आणि हे तुमच्या विषयाबाहेरचं आहे, पण वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी बाळंतीण असेल. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू अचानक कमजोर होऊ शकतो. तिथे ईएफ खरंच घसरतं. बाळंतिणीला उताणं झोपवत नाही, रात्री उठून बसते, पाय सुजलेत, आणि घरात सगळे म्हणतात, "अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू दे." लाडू द्या, पण त्याच दिवशी एकोही करा. वेळेत उपचार झाले तर बऱ्याच जणींचं हृदय पूर्ववत होतं. पुढचं मूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

अँजिओग्राफीबद्दल तुम्ही विचारलंय. अँजिओग्राफी ब्लॉक दाखवते, कडकपणा दाखवत नाही. छातीत दुखतंय, ईसीजीत बदल आहेत, एकोत एखादी भिंत कमी हलतेय, असं काही असेल तर जरूर करा. त्यातलं काही नसताना, किडनीचं क्रिएटिनिन वर असताना, 'एकदा करून टाकू' म्हणून करायची माझी तयारी नसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती माझ्या यादीत लाइट चेनच्या खाली आहे.

आता रोजचं सांभाळणं. कारण काहीही निघो, हे लागणारच.

कडक हृदयाची वाट अरुंद असते. पाणी थोडं जास्त झालं की छातीत चढतं, थोडं कमी झालं की कप्पा भरतच नाही, मग चक्कर आणि किडनीवर ताण. म्हणून टॉर्सेमाइड किंवा लॅसिक्स या पाणी काढायच्या गोळीचा डोस एकदा ठरवून वर्षभर तोच चालवायचा नसतो. तो वजन पाहून कमी-जास्त करायचा असतो. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करायचं आणि कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहा, काही हरकत नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणानं नाही, पाण्यानं वाढलंय. फोन करा, धाप लागायची वाट पाहू नका. दुसऱ्यांदा ॲडमिट व्हायच्या आधीच्या आठवड्यात वडिलांचं वजन किती होतं, हे तुम्हाला सांगता येईल का? बहुतेकांना येत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. भाजीत मीठ कमी घालायचं आणि शेजारी लोणचं, पापड, चहाबरोबर खारी, चारला फरसाण, याला कमी मीठ म्हणत नाहीत. सैंधव हेही मीठच आहे, रंग गुलाबी एवढंच. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ यांना देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. वडिलांना स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. त्याच कारणासाठी शहाळंही नको. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक माणूस हातात शहाळं घेऊन येतो, आणि एका आजोबांचं पोटॅशियम कशानं वाढतंय हे शोधायला मला दोन दिवस लागले. पलंगाखाली सहा शहाळी होती.

औषधांत एक चांगली गोष्ट झाली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, मूळच्या डायबिटिसच्या गोळ्या, ईएफ चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही उपयोगी पडतात. हे २०२१ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी सहा हजारांच्या आसपास पेशंटांवर झालेल्या दोन अभ्यासांत दिसलं, डायबिटिस नसलेल्यांतही. मोठा फायदा परत परत ॲडमिट होणं कमी होण्यात आहे. आयुष्य किती वाढतं ते तेवढं स्पष्ट नाही. दोन्हींची पेटंट आपल्याकडे संपल्यामुळे आता स्वस्त पर्याय मिळतात. ही गोळी चालू असेल तर लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवायची, आणि उलट्या-जुलाब, निर्जळी एकादशी किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवायची. उपवासात ही गोळी चालू ठेवल्यानं साखर नॉर्मल असताना रक्तात आम्ल वाढून आयसीयूत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

काय टाळायचं? गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. ही एक गोष्ट जितक्या पेशंटांना परत ॲडमिट करते तितकी दुसरी कुठलीच नाही, असा माझा अनुभव. पित्तासाठी फसफसणारी पूड, त्यात सोडियम भरपूर. डायबिटिससाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर बदलून घ्या, त्यानं पाणी साचतं. उलट बाजूनं, ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं नुसतीच पायाला सूज येते, हृदयाचा काही संबंध नसतो. मुंग्यांसाठीच्या प्रीगाबालिननंही. वडिलांना मुंग्यांची जुनी तक्रार आहे, म्हणून हे खास विचारतोय.

चालणं बंद करू नका. पर्वती सध्या नको, पण सपाट जागेवर, बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगानं, रोज. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर घ्या.

उताणं झोपता येत नाही, बसल्या जागी धाप, गुलाबीसर फेसाळ थुंकी, चक्कर येऊन पडणं, छातीत दाब, यातलं काहीही झालं तर माझं किंवा कुणाचंच उत्तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

तूर्तास या आठवड्यात एवढं करा. दोन्ही ॲडमिशनचे ईसीजी आणि एको, मनगटाच्या ऑपरेशनचे कागद, बीपीच्या गोळ्या कधी किती कमी झाल्या त्याच्या तारखा, आणि सध्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घालून तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. 'पंपिंग किती' विचारू नका. "भिंती जाड कशामुळे, आणि अमायलॉइड पाहायला हवं का?" हे विचारा. ते म्हणाले नको, तर का नको ते समजून घ्या. त्यांनी वडिलांना पाहिलंय, मी नाही, आणि त्यांच्याकडे सबळ कारण असू शकतं. आणि निघायच्या आधी ईसीजीच्या झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद असतो, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला तर वर्षभरात पुसट होतो, आणि नेमक्या त्या रेषांची उंचीच आपल्याला पाहायची आहे.